यंत्र उसने दिले, माणूस नाही

आधी पूर्वपक्ष, आणि तोही पूर्ण बळानिशी. कारण तो मांडणारे लोक स्वयंसेवी संगणनाच्या कामात वर्षानुवर्षे पदरची वीज जाळत आलेले आहेत.

त्यांचे म्हणणे असे. घरचा संगणक दिवसातला बराच वेळ नुसता बसून असतो. असा रिकामा वेळ हजारो लोकांनी एखाद्या संशोधनाला दिला की महासंगणकाच्या तोडीचे काम उभे राहते. मे १९९९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ने ही कल्पना घरोघरी नेली. परग्रहावरून एखादा संकेत येतो का, हे तपासायला पन्नास लाखांवर माणसे कधी ना कधी त्यात उतरली. त्याच चमूने ‘बॉइंक’ ही सामायिक प्रणाली बांधली आणि स्वयंसेवी संगणनाला एक घर मिळाले. मग २५ मे २०१८ रोजी युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. ज्यांच्याकडे पैसा नाही, वकील नाही, पगारी माणूस नाही, अशा हौशी मंडळींना बँकांसाठी शिवलेला अंगरखा घातला गेला. स्वयंसेवकांच्या कामाच्या गुणतक्त्यांवरून नावे उडाली, चुरस संपली, माणसे पांगली. थोडक्यात, गोपनीयतेच्या सोवळ्याने एका सुंदर सार्वजनिक उद्योगाचा जीव घेतला.

यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, आणि तो खोडून काढण्यात मला केवळ वादाची हौस नाही.

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात बसून उकरून काढण्याचे कारण दोनशे किलोमीटरच्या आसपास पूर्वेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदी चाळण्याचे काम २००५ पासून ज्या ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’वर चालते, तो स्वयंसेवी संगणनाचाच प्रकल्प आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरची माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतले विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ तो चालवतात. वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा अखंड, अतिशय क्षीण लहर सोडत असेल तर ती शोधायला महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी आकाशाच्या प्रत्येक दिशेसाठी आणि प्रत्येक वारंवारतेसाठी पुन्हा पुन्हा पिंजाव्या लागतात. तशी लहर अजून गवसलेली नाही. उद्या औंढ्याच्या नोंदी त्यात मिसळल्या आणि गारखेड्यापासून पुंडलिकनगरापर्यंतच्या भाड्याच्या खोल्यांतल्या मुलांनी आपापले संगणक त्या कामाला लावले, तर मराठवाड्याला ते शोभेल. पण ‘कायद्यामुळे हे आता शक्य नाही’ असे त्यांना आधीच कुणी सांगून ठेवले, तर ती सुरुवातही होणार नाही.

पूर्वपक्षातला पहिला दोष तर्काचा आहे. एका श्वासात सांगतात, ‘आम्ही फक्त प्रोसेसरचा वेळ देतो-घेतो, इथे वैयक्तिक माहिती आहेच कुठे?’ आणि दुसऱ्या श्वासात, ‘या कायद्याने आम्हाला मारले.’ वैयक्तिक माहिती नसेल तर कायदा तुमच्या दारात येतच नाही. तो आला असेल तर माहिती आहे. जुन्या नैयायिकांनी याला वदतोव्याघात म्हणून बाजूला ठेवले असते. पण आपण जरा खोलात जाऊ, कारण माहिती खरोखरच आहे, आणि ती काय आहे हे स्वयंसेवकांनाही क्वचितच ठाऊक असते.

समजा पुंडलिकनगरातल्या एका खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने जुन्या संगणकावर बॉइंक बसवले. त्याने दिले काय? ईमेलचा पत्ता, एक नाव, देश आणि हवा असेल तर गट. हे त्याने स्वतः भरले. त्याच्या यंत्राने न विचारता आणखी बरेच सांगितले: प्रोसेसर कोणता, स्मृती किती, कोणती कार्यप्रणाली, शेवटचा आयपी पत्ता कोणता आणि यंत्राचे नाव काय. हे नाव कधीकधी दुकानदाराने बसवून देतानाच मालकाच्या नावावरून ठेवलेले असते. त्यापुढे, संगणक किती काळ चालू असतो आणि त्यातला किती काळ जोडणीवर असतो, याचे प्रमाणही प्रणाली मोजते, कारण किती काम धाडायचे हे तिला त्यावरून ठरवायचे असते. एवढे सर्व प्रकल्पाच्या सर्व्हरवर राहते. आयपी पत्ता आणि यंत्राचे नाव परक्याला दिसत नाही. पण कोणते काम कधी दिले आणि कधी परत आले, याची यादी, मालकाने आपली यंत्रे लपवली नसतील तर, कुणालाही उघडून पाहता येते. महिनाभर ती पाहत राहा. हा मुलगा किती वाजता झोपतो, गावी कधी जातो, त्याच्या गल्लीत वीज कधी जाते, हे सगळे त्यात उमटते. शिवाय एकाच माणसाची निरनिराळ्या प्रकल्पांतली खाती जोडायला त्याच्या ईमेलपासून बनवलेली एक खूण वापरतात, आणि ती खूण गुणांच्या फायलींबरोबर जगभर जात असे. प्रत्यक्ष ईमेल त्यात दिसत नाही, हे खरे. माणूस मात्र जोडला जातो.

कुणी वाईट हेतूने हे केले असे मला म्हणायचे नाही. ही रचना एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यापीठीय मंडळींनी परस्परविश्वासाच्या काळात केली होती. पण उसने घ्यायचे होते यंत्र. माणूस त्यासोबत नकळत आला, आणि त्याचे काय करायचे हे पुढची बरीच वर्षे कुणी विचारलेच नाही. विचारले ते कायद्याने.

दुसरा दोष कालक्रमाचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की कावळ्यावर खटला भरायचा, तसा हा प्रकार आहे. आणि इथे तर फांदी आधीपासूनच वाळत होती. बॉइंकचा कर्ता डेव्हिड अँडरसन यानेच लिहून ठेवले आहे की, नवनवे प्रकल्प येतील आणि स्वयंसेवक त्यांत निवड करत राहतील ही मूळ अपेक्षा फळली नाही. प्रकल्प थोडे आले, लोक आपापल्या पहिल्या प्रकल्पाला चिकटून राहिले आणि संख्या हळूहळू घटली. सेटी अ‍ॅट होमने ३१ मार्च २०२० रोजी काम वाटणे थांबवले. त्यांनी दिलेली कारणे दोन: आणखी नोंदी तपासून हाती फारसे नवे लागत नव्हते, आणि साठलेल्या निकालांचे विश्लेषण करून निबंध लिहायचे होते. आयबीएमने वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड २०२१ मध्ये टोरंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवले. त्या हस्तांतरात २०२२ मध्ये काम कित्येक आठवडे बंद राहिले, आणि तेव्हा किती स्वयंसेवक कायमचे निघून गेले असतील याची कल्पना करता येते. यात गोपनीयतेचा कायदा कुठे आहे?

खरे कारण मीटरमध्ये आहे. १९९९ चा संगणक रिकामा बसला काय आणि राबला काय, वीज जवळजवळ सारखीच खाई. म्हणून ‘रिकामा वेळ’ खरोखर फुकट होता, आणि पडद्यावर हलणारे सेटीचे रंगीत आलेख ही वर करमणूक. आजचा प्रोसेसर काम नसले की वेग उतरवून पेंगतो आणि काम आले की भडकतो. राबण्यातला हा फरक ६० वॅटचा धरला तर अहोरात्र चालणाऱ्या यंत्राची महिन्याला ४३ युनिटे वाढतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांचा पहिला टप्पा ओलांडू नये म्हणून पंखा बंद करत फिरणाऱ्या घराला हे आकडे कळतात. खोलीमालक वीज वेगळी लावत असेल तर जास्तच कळतात. त्यात लोक संगणकावरून मोबाइलवर गेले. बॉइंक मोबाइलवर चालते, पण बॅटरी तापवून चालते.

उलट पुरावाही आहे, आणि पूर्वपक्षाकडे त्याला उत्तर नाही. जीडीपीआर लागू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा करोनाच्या साथीत ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’कडे लोकांचा असा लोंढा आला की या उद्योगाच्या इतिहासात तसा कधी आला नव्हता. साथीआधी सुमारे ३० हजार यंत्रे चालू असलेल्या या प्रकल्पात दहा लाखांवर लोक सामील झाले. मार्च २०२० च्या अखेरीस त्यांच्या एकत्रित यंत्रांनी सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींची पातळी ओलांडली, जी तोवर कुठल्याही एका जाहीर महासंगणकाने गाठलेली नव्हती. युरोपातले लोकही त्यात होतेच. कायद्याने गळा आवळला असता तर हे घडलेच नसते. आणि त्या प्रकल्पाची घडण पाहण्यासारखी आहे. तिथे सुरुवात करायला ईमेल द्यावा लागत नाही. काहीच लिहिले नाही तर तुमचे काम ‘अनामिक’ या नावावर जमा होते. जास्तीचे गुण हवे असतील तरच ईमेल देऊन एक चावी मागवायची. आधी काम, ओळख नंतर आणि तीही हवी असल्यास.

आता २०१८ मध्ये प्रत्यक्षात काय बदलले ते पाहू, कारण तक्रारीचे मूळ तिथे आहे. बॉइंकच्या सर्व्हर-प्रणालीत तीन गोष्टी आल्या. खाते उघडताना अटी मान्य आहेत का, हे स्पष्ट विचारणे. खाते पुसण्याची सोय. आणि तुमचे गुण बाहेरच्या आकडेवारी-स्थळांना द्यायचे का, हा प्रश्न. तिसऱ्या गोष्टीने कल्लोळ झाला. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे आकडे काही प्रकल्पांनी बाहेर देणे थांबवले, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या गटांच्या बेरजा एका रात्रीत खाली आल्या. आपल्या गटाचा क्रमांक जपणाऱ्या माणसाला हे किती लागले असेल हे मी समजू शकतो. पण त्या रात्री विज्ञानाचे एकही काम कमी झाले नाही. यंत्रे तेवढीच चालत होती. गळाली ती न विचारता लावलेली पाटी. ज्याला चुरस हवी त्याने एका खुणेने ‘हो’ म्हणायचे होते. तेवढेही कुणी केले नसेल तर त्याला ती चुरस कधीच नको होती, आणि आपण त्याचे नाव त्याच्या माघारी वापरत होतो, असाच त्याचा अर्थ निघतो.

‘मग श्रेय कसे द्यायचे?’ असे विचारतात. २०१० मध्ये आइनस्टाइन अ‍ॅट होमने आपला पहिला नवा स्पंदक तारा शोधला, जे२००७+२७२२, सेकंदाला ४१ फेऱ्या घेणारा. ज्या यंत्रांनी तो पकडला ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका दांपत्याची आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थाची होती. ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधासोबत त्यांची नावे जगापुढे आली. त्यांना शोधून कळवायला संपर्काची नोंद लागलीच, आणि अशी नोंद ठेवू नका असे कुठलाच कायदा म्हणत नाही. कशासाठी ठेवली ते सांगा, तेवढ्यापुरतीच वापरा, मागितली तर पुसा, एवढेच तो म्हणतो. श्रेय माणसाला विचारून दिले तर ते कमी होत नाही.

भारतीय कायद्याबद्दलची भीती तर बरीचशी न वाचता बाळगलेली आहे. त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ पासून बांधील होणार. त्यांनी दशकभर आधीची ओहोटी आणली असे म्हणणाऱ्याने पंचांग पाहावे. कलम ७ चा पहिलाच खंड म्हणतो की, एखाद्याने ठरावीक कारणासाठी आपली माहिती स्वेच्छेने दिली आणि तिच्या वापराला नकार दर्शवला नाही, तर त्या कारणापुरता वापर वैध आहे. स्वतःहून ईमेल देऊन प्रकल्पात शिरणारा स्वयंसेवक याहून वेगळा काय करतो? दंडाचा २५० कोटी रुपये हा आकडा ‘पर्यंत’चा आहे, आणि दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य, दंडाचे प्रमाण आणि तो भरणाऱ्यावर होणारा परिणाम माहिती संरक्षण मंडळाने पाहावा, असे कलम ३३ सांगते. परदेशी प्रकल्पांना हा कायदा लागू होतो तो भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देण्याच्या संदर्भात. आणि इथे सेवा देतो तो पुंडलिकनगरातला मुलगा, घेते ती हॅनोव्हरची संस्था. या उलट्या व्यवहारावर वकिलांना बराच काळ भांडता येईल. संमतीची सूचना मराठीतही मागता येते, ही तर तक्रारीची नव्हे, आनंदाची गोष्ट. भाषांतर हे स्वयंसेवकांचे जुनेच काम आहे.

संशोधनासाठी सूट आहे, म्हणून आपण सुटलो, असे मानणाऱ्यांशीही माझे जमत नाही. कलम १७ मधली सूट संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांसाठी लागणाऱ्या माहितीला आहे, तीही ठरावीक मानकांच्या आत आणि त्या व्यक्तीबद्दल कसलाही निर्णय त्यावरून घ्यायचा नसेल तरच. न्यूट्रॉन ताऱ्याच्या शोधात स्वयंसेवकाचा ईमेल हा संशोधनाचा विषय नाही. तो कार्यालयीन नोंद आहे. त्या आडोशाला उभे राहू नये.

या कायद्यावर रागावायला खऱ्या जागा आहेत. सरकारने स्वतःच्या यंत्रणांसाठी सवलतीचे दार उघडे ठेवले. कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातल्या ८(१)(ञ) मधली सार्वजनिक हिताची अट छाटली, आणि ज्या महाराष्ट्रात त्या अधिकारासाठी उपोषणे झाली तिथे याची चर्चा गुणतक्त्यांच्या चर्चेहून शंभरपट व्हायला हवी होती. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसत असताना ‘कायद्याचा जाच’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचावे.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मात्र मोकळेपणाने द्यायला हवी. गोपनीयतेमुळे काही प्रकारचे काम स्वयंसेवी संगणनाकडे येतच नाही, आणि त्यात रुग्णांची माहिती सगळ्यात मोठी. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या खेड्यांतून माणसे येतात. त्यांचे स्कॅन आणि ऊतींचे अहवाल तुकडे करून हजार घरांतल्या संगणकांवर धाडले तर कदाचित एखादा आकृतिबंध लवकर सापडेल. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर कर्करोगाच्या खुणा शोधण्याचे काम झाले आहे, ओळख काढून टाकलेल्या माहितीवर. पण लहान जिल्ह्यात, दुर्मिळ आजारात, वय आणि गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. इथे कायदा काम अडवतो आणि अडवतो ते बरे करतो. तिथे आलेल्या एखाद्या बाईने सही केलेली असते ती उपचारासाठी, माझ्या टेबलाखालच्या संगणकासाठी नाही.

आणखी एका संमतीबद्दल पूर्वपक्षातले लोक बोलत नाहीत, आणि माझ्या मते प्रत्यक्षात तीच अधिक गोत्यात आणणारी आहे. यंत्र कुणाचे? अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांच्या संगणकांवर परवानगीवाचून अशी कामे चढवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर नोकरी जाण्याची, खटल्याला तोंड देण्याची वेळ आली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरकाव करण्याबद्दल २००० सालापासून आहे. अभ्यासिकेतला, सायबर कॅफेतला किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला संगणक विज्ञानासाठी का होईना परस्पर राबवायचा नसतो. तेवढी परवानगी लेखी घेतली आणि खाते महाविद्यालयाच्याच ईमेलवर एकच उघडले, तर मुलांची वैयक्तिक माहिती नोंदवण्याची गरजच उरत नाही.

मुलांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. जीडीपीआरमध्ये ऑनलाइन सेवांसाठी मुलाने स्वतः संमती देण्याचे वय देशागणिक १३ ते १६ आहे. आपल्या कायद्यात १८. म्हणजे बारावीत विज्ञान शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या घरच्या संगणकावर आपल्या नावाने लायगोच्या नोंदी तपासू पाहील, तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि ती पडताळायची कशी हे हॅनोव्हरला कळणे कठीण. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर कायद्यातच एक वाट आहे, आणि ती क्वचितच कुणी वापरायला निघते. कलम ९(५) प्रमाणे, एखादी संस्था मुलांची माहिती पडताळता येईल अशा सुरक्षित रीतीने हाताळते अशी केंद्र सरकारची खात्री पटली, तर त्या संस्थेसाठी हे वय खाली आणता येते. लायगो-इंडियाच्या भागीदार संस्थांत पुण्याचे आयुका आहे. शाळकरी मुलांना खगोलशास्त्र शिकवण्याचा त्यांचा अनुभव जुना आहे. औंढ्याची वेधशाळा चालू होण्याची वाट न पाहता अशी मागणी त्यांनीच पुढे नेली, तर तिला वजन येईल. ती करताना मुलांची नावे आणि कामाच्या वेळा जाहीर यादीत दिसणार नाहीत, हे आधी करून दाखवावे लागेल. म्हणजे ज्या बदलांवर २०१८ पासून एवढा राग निघाला, त्याच जातीचे बदल.